ब्रेक-अपार्ट प्रोबमध्ये चौदा टक्के पेशी ‘तुटलेल्या’ दिसल्या, तर निष्कर्ष काय लिहावा?

अर्धवट पिवळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी.चे काम करते. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाचे (एका प्रकारच्या कर्करोगाचे) जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले ऊतीचे तुकडे, आमच्या विभागाकडे आहेत. त्यांपैकी कोणत्या गाठींमध्ये एएलके हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले गेले आहे, हे फिश (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) पद्धतीने तपासणे हा माझ्या प्रबंधातील एका प्रकरणाचा विषय आहे. ज्यांचा या पद्धतीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एएलके जनुक साधारणपणे जिथे तुटते त्या जागेच्या एका अंगाला लाल रंगाने चकाकणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, चिकटवतात आणि दुसऱ्या अंगाला हिरवा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही सिग्नल एकमेकांना खेटून, बहुधा पिवळसर दिसतात. जनुक तुटले असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे दिसतो. पुस्तकातील चित्रात हे इतके स्वच्छ असते की पहिल्या दिवशी मला हे काम आठवड्याभराचे वाटले होते.

अडचण दोन ब्लॉकांमुळे आली आहे. पहिल्या ब्लॉकमध्ये मी ५० पेशी मोजल्या आणि त्यांतील ७ पेशींमध्ये लाल-हिरवे वेगळे दिसले, म्हणजे १४ टक्के. माझ्या सहकाऱ्याने त्याच स्लाइडवरील आणखी ५० पेशी मोजल्या आणि त्याला ९ मिळाल्या. दोघांचे मिळून १६ टक्के झाले. नियमाप्रमाणे १५ टक्के किंवा अधिक असेल तर पॉझिटिव्ह, म्हणून आम्ही तसे लिहिले, पण स्लाइड पाहताना मनाला ते पटत नाही. बऱ्याच पेशींमध्ये दोन सिग्नलमधील अंतर ‘वेगळे म्हणावे की खेटलेले म्हणावे’ अशा बेताचे आहे.

दुसऱ्या ब्लॉकमध्ये ५० पैकी २१ पेशींत एक व्यवस्थित पिवळा सिग्नल आहे आणि त्याच्या जोडीला एकटाच हिरवा सिग्नल आहे. त्याचा लाल जोडीदार कुठेच सापडत नाही. काहीतरी तुटले आहे हे उघड दिसते, म्हणून मी तोही पॉझिटिव्ह धरला. मार्गदर्शकांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावून वही परत केली.

तिसरी शंका कदाचित बाळबोध असेल. रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल१ ही जनुकांची जोडी तपासताना दोन्ही जनुकांवर प्रोब लावून ते प्रत्यक्ष एकत्र आलेले पाहतात. मग फुप्फुसात एएलके आणि त्याचा नेहमीचा जोडीदार ईएमएल४ या दोघांवर प्रोब लावून तसेच का करत नाहीत? तुटलेले शोधण्यापेक्षा जुळलेले शोधणे अधिक सरळ नव्हे काय?

गुणसूत्रवाला

आपल्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन अडचणींचे मूळ तिथेच आहे. आपण वापरत असलेला प्रोब फ्यूजन, म्हणजे दोन जनुकांचे जुळणे, दाखवत नाही. तो एवढेच सांगतो की एएलकेचे दोन भाग आता शेजारी राहिलेले नाहीत. ते कशामुळे दूर गेले, त्यातील कोणता भाग कोणाला जाऊन मिळाला आणि त्यातून काम करणारे प्रथिन तयार झाले की नाही, हे सर्व आपण अनुमानाने ठरवत असतो. हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर येते, पण ते अनुमान आहे याचा विसर पडला की १४ आणि १६ यांच्यामध्ये माणूस अडकतो.

बीसीआर-एबीएल१ची गोष्ट वेगळी आहे. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात त्या कर्करोगाच्या पेशींत एक छोटे गुणसूत्र दिसले आणि १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या गुणसूत्रांमधील देवाणघेवाणीतून तयार होते हे दाखवले. त्या आजारात दोन्ही जोडीदार ठरलेले असतात. त्यामुळे एकावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा प्रोब लावता येतो. तरीसुद्धा सुरुवातीच्या, एकच जोड दाखवणाऱ्या प्रोबमध्ये त्रास होताच, कारण केंद्रक हा चेंडूसारखा असतो आणि आपण त्याची सपाट सावली पाहतो. एका खोलीवरचा लाल आणि दुसऱ्या खोलीवरचा हिरवा निव्वळ योगायोगाने एकावर एक आले तरी आपल्याला पिवळा दिसतो. म्हणून पुढे प्रोब लांब केले, ते तुटण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पसरवले आणि मग देवाणघेवाणीतून तयार होणाऱ्या दोन्ही नव्या गुणसूत्रांवर एकेक पिवळा दिसू लागला. एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे अशी चौकडी योगायोगाने जमणे फार दुर्मीळ आहे, म्हणूनच त्या तपासणीत अगदी थोड्या टक्के पेशींनाही अर्थ देता येतो.

एएलकेचे जोडीदार मात्र अनेक आहेत. या जनुकाच्या नावातच लिम्फोमा आहे, कारण १९९४ मध्ये ते प्रथम सापडले ते ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमात, गुणसूत्र २ आणि ५ यांच्या देवाणघेवाणीत, आणि तिथे त्याचा जोडीदार एनपीएम१ होता. फुप्फुसात ईएमएल४ बरोबरची जोडी २००७ मध्ये जपानमधील हिरोयुकी मानो यांच्या गटाने दाखवली. त्यानंतर केआयएफ५बी, टीएफजी, केएलसी१ अशी यादी वाढत गेली. आपण ईएमएल४वर प्रोब लावला तर इतर जोडीदारांची प्रकरणे हातून सुटतील. जोडीदार कोणीही असो, एएलके स्वतः साधारण त्याच जागी, म्हणजे १९व्या आणि २०व्या एक्झॉनच्या (जनुकातील प्रथिनाचा संदेश असलेल्या तुकड्यांच्या) मधल्या पट्ट्यात तुटते. म्हणून तुटणे शोधणारा प्रोब सोयीचा पडला.

ही सोय फुकट मिळत नाही. ईएमएल४ आणि एएलके दोघेही गुणसूत्र २च्या आखूड भुजेवरच आहेत. त्यांच्यामधले अंतर साधारण सव्वा कोटी बेस-जोड्यांचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, आहे. तो मधला तुकडा उलटा फिरून पुन्हा बसतो आणि फ्यूजन होते. याचा अर्थ असा की तुटल्यानंतरही लाल आणि हिरवा एकाच भुजेवर राहतात. एक सिग्नल दुसऱ्या गुणसूत्रावर गेला असता तर ते केंद्रकाच्या दोन टोकांना दिसण्याची शक्यता होती. इथे दोघांची ताटातूट एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांत झाल्यासारखी आहे. त्यात भर म्हणजे शाबूत जनुकातही लाल आणि हिरवे तंतोतंत एकावर एक नसतात, कारण दोन्ही प्रोब काही लाख बेस-जोड्या लांब असतात आणि डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो की सैल, त्यानुसार त्यांच्यात थोडी फट दिसते. म्हणूनच नियम असा केला आहे की दोहोंमधील अंतर एका सिग्नलच्या व्यासाच्या किमान दुप्पट असेल तरच त्यांना वेगळे म्हणावे. ‘बेताचे अंतर’ या सदरात आपण ज्या पेशी टाकल्या आहेत त्या या नियमाने खेटलेल्याच ठरतात. त्या सर्व चित्रांवर मोजपट्टी ठेवून पुन्हा पाहा. डोळ्यांच्या अंदाजाने हे अंतर हमखास वाढीव वाटते, आणि पाचव्या तासानंतर तर फारच.

आता १५ टक्क्यांबद्दल. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत क्रिझोटिनिब या एएलके रोखणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली तेव्हा त्याच्या जोडीने या प्रोबलाही मिळाली, आणि मोजणीची पद्धत तिथून रूढ झाली. पहिल्या ५० पेशींत ५ पेक्षा कमी असतील तर निगेटिव्ह, २५ पेक्षा जास्त असतील तर पॉझिटिव्ह, आणि मधल्या पट्ट्यात असाल तर दुसऱ्या वाचकाने आणखी ५० मोजायच्या आणि १०० पेशींवरची सरासरी १५ टक्के किंवा अधिक आली तर पॉझिटिव्ह म्हणायचे. आपण हा नियम शब्दशः पाळला आहे, त्यात चूक नाही. परंतु ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. निरोगी ऊतींमध्येही काही टक्के पेशी तुटल्यासारख्या दिसतात, त्या गोंगाटाच्या वर ही रेघ ठेवली आहे. खऱ्या फ्यूजनच्या गाठीत आकडा बहुतेक वेळा १५च्या बराच वर, निम्म्याच्या आसपास असतो. १०० पैकी १६ या आकड्याचा ९५ टक्के विश्वासपट्टा साधारण १० ते २४ इतका रुंद आहे. ज्या आकड्याची खालची बाजू गोंगाटात बुडालेली आहे, त्यावर एकट्याने प्रकरण उभे करू नये.

दुसऱ्या ब्लॉकविषयी माझे मत आपल्या मार्गदर्शकांच्या बाजूने आहे. एएलकेचे कायनेज, म्हणजे पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असे सांगणारा भाग, जनुकाच्या ३ प्राइम (शेवटच्या) टोकाकडे आहे; सुरुवातीचे टोक ते ५ प्राइम. आपण बहुधा लाल रंग त्या टोकावर असलेला प्रोब वापरत आहात. हिरवा गळून एकटा लाल उरला तर कायनेज शिल्लक आहे आणि तो कोणाला तरी जोडला गेला असण्याचा संभव आहे, म्हणून ते पॉझिटिव्ह धरतात. एकटा हिरवा उरला तर कायनेजच गेलेले दिसते. ते निगेटिव्ह. एक सावधगिरी मात्र बाळगा. रंगांची वाटणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते, म्हणून ‘लाल’ आणि ‘हिरवा’ न लिहिता ‘३ प्राइम’ आणि ‘५ प्राइम’ असे लिहिण्याची सवय लावा. प्रोबचा डबा बदलला आणि वही जुनीच राहिली, म्हणून उलटे निष्कर्ष लिहिले गेलेले मी पाहिले आहेत.

मेण आणि ब्लॉक

मी हिस्टोपॅथॉलॉजीत आहे. वरील उत्तर पटले, पण त्यात पेशी जणू अखंड समोर ठेवल्या आहेत असे गृहीत धरले गेले आहे. रक्ताच्या नमुन्यात ते खरे असते. पॅराफिन ब्लॉकमध्ये आपण ४ ते ५ मायक्रॉनचा पापुद्रा कापतो आणि ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशीचे केंद्रक त्याच्या दुपटीहून मोठे असू शकते. म्हणजे सुरीने प्रत्येक केंद्रकाचा एखादाच काप आपल्या ताटात वाढलेला असतो. लाल एका कापात आणि हिरवा पुढच्या कापात गेला, तर एकटा लाल किंवा एकटा हिरवा दिसणारच. गाठीतल्या प्रत्येक पेशीत फ्यूजन असूनही १०० टक्के पेशी पॉझिटिव्ह का दिसत नाहीत, याचेही मोठे कारण हेच आहे.

प्रश्नकर्त्या ताईंना माझे पहिले विचारणे असे आहे की मोजणी नेमकी कोणत्या भागात केली? शेजारच्या सेक्शनवर हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग देऊन पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा भाग पेनाने आखून घेतला होता का? डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाच्या निळ्या उजेडात सगळीच केंद्रके निळी दिसतात. लिम्फोसाइटचे छोटे गोल केंद्रक ओळखू येते, परंतु हवेच्या पिशव्यांमधील मॅक्रोफेज आणि सुजेने फुगलेल्या निरोगी पेशी चांगल्या चांगल्यांना फसवतात. अशा पेशी मोजणीत शिरल्या तर खऱ्या पॉझिटिव्ह गाठीचा आकडाही १६ पर्यंत उतरू शकतो. त्यामुळे आपला आकडा गोंगाटाने फुगलेला आहे की भेसळीने उतरलेला आहे, हे आज इथे बसून कोणीच सांगू शकत नाही. गुणसूत्रवाला यांनी पहिली शक्यता मनात धरून उत्तर दिले आहे, मी दुसरीही उघडी ठेवेन.

दुसरे विचारणे पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराबद्दल. जुन्या ब्लॉकांमध्ये फॉर्मलिनने प्रथिनांचे जाळे घट्ट विणलेले असते, ते थोडे सैल केल्याशिवाय प्रोब आत शिरत नाही. पेप्सिन कमी पडले तर पार्श्वभूमी धुरकट हिरवी राहते आणि सिग्नल मंद येतात. जास्त झाले तर केंद्रके मधोमध पोकळ, मेदूवड्यासारखी दिसू लागतात आणि त्यांतील सिग्नल आपली जागा सोडून पसरतात. अशा पेशी मोजायच्याच नसतात. ब्लॉक किती वर्षांपूर्वीचा आहे आणि ऊती फॉर्मलिनमध्ये किती तास होती, याची नोंद जुन्या वहीत क्वचितच सापडते. चांगल्या कामात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास ही मर्यादा पाळतात. शनिवारी दुपारी आलेला नमुना सोमवारी सकाळपर्यंत बरणीत राहिला तर तो या मर्यादेत बसतो, पण मधे मोठी सुट्टी आली की बसत नाही. म्हणून सर्व ब्लॉकांना एकच वेळ न लावता प्रत्येकाची पेप्सिनची वेळ वेगळी ठरवावी लागते. हे कंटाळवाणे आहे, पण निम्मे फिश याच पायरीवर बिघडते.

फुप्फुसाची म्हणून एक खास खोड आहे. त्यात इलॅस्टिनचे तंतू भरपूर असतात आणि ते आपण होऊन हिरवट चकाकतात. लाल रक्तपेशीही फॉर्मलिननंतर चकाकतात. केंद्रकावरून असा एखादा तंतू गेला तर त्याचा कण हिरव्या सिग्नलसारखा भासतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खरा सिग्नल एकाच रंगाच्या फिल्टरमध्ये झगझगीत दिसतो, आपोआप चकाकणारा कण जवळजवळ सर्व फिल्टरांत थोडाथोडा दिसतो. आपल्या २१ पेशींतील एकटे हिरवे सिग्नल लाल आणि निळ्या फिल्टरमध्येही पाहा.

आणि शेवटचे, फोकस. मोजताना सूक्ष्मदर्शकाची फाइन नॉब खालीवर फिरवत राहायला हवे. एकाच पातळीवर काढलेल्या छायाचित्रावरून मोजले असेल तर ती मोजणी मी मान्य करणार नाही.

आरएनए जपून ठेवा

गुणसूत्रवाला यांच्या उत्तरातील एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. ‘एकटा हिरवा उरला तर निगेटिव्ह’ हा रुग्णाच्या अहवालासाठी ठरलेला नियम म्हणून बरोबर आहे, संशोधनात मात्र तो जसाच्या तसा उचलू नये. एकटा ५ प्राइम सिग्नल असलेल्या, म्हणून निगेटिव्ह ठरलेल्या काही थोड्या गाठींमध्ये आरएनए पाहिल्यावर ईएमएल४-एएलके सापडल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली आहेत आणि त्यातील रुग्णांना क्रिझोटिनिबचा उपयोगही झाला आहे. ३ प्राइम प्रोब ज्या भागावर बसतो तो कायनेजच्या पुढेही बराच पसरलेला असतो. पुढचा पट्टा गळून गेला आणि कायनेजपुरता लहान तुकडा वाचला, तर लाल सिग्नल डोळ्यांना दिसणार नाही, फ्यूजन मात्र असेल. प्रोबला दिसण्यासाठी लाखभर बेस लागतात, रोगाला त्याहून पुष्कळ कमी पुरतात.

तेव्हा फिशवर भांडत बसण्यापेक्षा दोन गोष्टी करा. पहिली स्वस्त आहे. प्रौढ माणसाच्या निरोगी फुप्फुसात एएलके प्रथिन जवळजवळ तयार होतच नाही, त्यामुळे ते गाठीत दिसले तर त्याला अर्थ असतो. डी५एफ३ ही प्रतिपिंड वापरून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करा, म्हणजे एएलके प्रथिनाला चिकटणाऱ्या या प्रतिपिंडाने सेक्शन रंगवून पाहा. या तपासणीला २०१५ मध्ये अमेरिकेत स्वतंत्रपणे मान्यता मिळालेली आहे, आणि एका सेक्शनमध्ये काम होते. प्रोबला तुटणे दिसते, प्रतिपिंडाला प्रथिन दिसते. दोघे एकच सांगत असतील तर वाद मिटतो.

दुसरी महाग आहे. आरएनए काढून सीक्वेन्सिंग करा. इथे साधे आरटी-पीसीआर घेऊ नका. त्यात दोन्ही बाजूंचे प्रायमर (ठरावीक क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) आधी ठरवावे लागतात आणि ईएमएल४ स्वतःसुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी तुटते. पहिल्या प्रकारात त्याच्या १३व्या एक्झॉनला एएलकेचा २०वा एक्झॉन जुळतो, तिसऱ्या प्रकारात ६व्याला. ज्या जोडीचा प्रायमर नाही ती जोडी ‘नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर खोटे असते. एका टोकाला फक्त एएलके पकडून पलीकडे जे असेल ते वाचणारी पद्धत घ्या, म्हणजे जोडीदार कोण हे आधी माहीत असण्याची गरज पडत नाही. जुन्या ब्लॉकमध्ये आरएनएचे तुकडे झालेले असतात, म्हणून आधी डीव्ही२०० पाहा, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत ते. ते फार कमी असेल तर पैसे घालवू नका.

हाडांची गोष्ट

मूळ प्रश्नाच्या मध्ये येते त्याबद्दल क्षमस्व, पण शंका याच जातीची आहे. आम्ही हाडांच्या गाठींमध्ये युइंग सार्कोमासाठी ईडब्ल्यूएसआर१ चा ब्रेक-अपार्ट प्रोब वापरतो. आमच्याकडे आकडे सहसा ७०–८० टक्के येतात, त्यामुळे रेघेची चिंता कधी पडली नाही. मग आमचे सगळे ठीक चालले आहे असे समजावे का?

गुणसूत्रवाला

नाही. तुमची अडचण रेघेवर नाही, नावावर आहे. ईडब्ल्यूएसआर१ तुटले हे ८० टक्के पेशींत दिसले तरी आजार युइंगच आहे असे त्यावरून ठरत नाही. युइंग सार्कोमात ते बहुतेक वेळा, सुमारे ८५ टक्के रुग्णांत, एफएलआय१ला जुळते. पण हेच जनुक डब्ल्यूटी१ला जुळले तर डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर होतो, एटीएफ१ला जुळले तर क्लियर सेल सार्कोमा होऊ शकतो आणि एनआर४ए३ला जुळले तर एक्स्ट्रास्केलेटल मिक्सॉइड कॉन्ड्रोसार्कोमा. प्रोबच्या दृष्टीने ही सगळी एकच घटना आहे. लहान गोल पेशींची गाठ असेल, तर पहिल्या दोहोंतील फरक औषधोपचारच बदलतो.

उलट बाजूही पाहा. ईडब्ल्यूएसआर१ आणि ईआरजी यांची वाचनाची दिशा गुणसूत्रावर एकमेकांविरुद्ध आहे, त्यामुळे साध्या देवाणघेवाणीने ते नीट जुळत नाहीत. तुकडा उलटा फिरून घुसवला जातो, आणि अशा वेळी प्रोबमध्ये फाटाफूट अस्पष्ट दिसते किंवा दिसतच नाही. निगेटिव्ह आले म्हणून युइंग नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही. काही थोड्या रुग्णांत तर ईडब्ल्यूएसआर१च्या जागी त्याचा भाऊबंद एफयूएस असतो. हा प्रोब त्याच्याकडे पाहतही नाही.

मेण आणि ब्लॉक

हाडांच्या बाबतीत माझी एकच भर. हाड मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले असेल तर डीएनएचा चुरा होतो आणि फिश लागत नाही. ईडीटीए हे हाडातील कॅल्शियम हळूहळू काढणारे रसायन वापरा, वेळ लागला तरी चालेल. नमुन्यात मऊ भाग असेल तर तो आधीच वेगळा काढून आम्लाशिवाय ब्लॉक करून ठेवा. ही सूचना शस्त्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत लेखी पोहोचवा, तोंडी सांगितलेली पुढच्या निवासी डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

अर्धवट पिवळा

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण बरेच काम पुन्हा करावे लागले.

पहिल्या ब्लॉकच्या ७ पेशींची छायाचित्रे आणि स्लाइडवरील जागा मी नोंदवून ठेवल्या होत्या, हे एक बरे झाले. त्या पुन्हा शोधून फाइन नॉब फिरवत पाहिल्या. ४ पेशींमध्ये लालच्या अगदी जवळ, पण वेगळ्या खोलीवर दुसरा हिरवा होता, आणि मी ज्याला त्याचा दूर गेलेला जोडीदार समजत होते तो भलत्याच जोडीतला होता. या गाठीत बऱ्याच पेशींत एएलकेच्या तीन-चार प्रती आहेत, त्यामुळे अशी गल्लत सहज होते. उरलेल्या ३ पैकी एकीत अंतर दोन व्यासांपेक्षा कमी भरले. मोजपट्टी ठेवली तेव्हा खरोखरच ओशाळल्यासारखे झाले. मेण आणि ब्लॉक यांची शंकाही खोटी नव्हती. आमच्या आखणीत गाठीच्या कडेचा सुजेचा पट्टा आला होता. पॅथॉलॉजिस्टकडून नव्याने आखून घेतले, ब्लॉकमधून ताजे सेक्शन कापले, पेप्सिनची वेळ तीन निरनिराळ्या स्लाइडवर ठरवली. नव्या मोजणीत ५० पैकी ४ आल्या. नियमाने तिथेच थांबता आले असते, तरी सहकाऱ्याला आधीचा आकडा न सांगता आणखी ५० मोजायला दिल्या. त्याला ३ मिळाल्या. डी५एफ३ निगेटिव्ह आहे. हा ब्लॉक मी निगेटिव्ह लिहिला आहे.

दुसऱ्या ब्लॉकमध्ये एकटे हिरवे सिग्नल फिल्टर बदलूनही टिकले, म्हणजे ते इलॅस्टिन नव्हते. नव्या सेक्शनवर ५० पैकी २३ पेशींत तेच चित्र आहे. इतक्या पेशींत तो निव्वळ कापण्याचा परिणाम नसावा, कारण तसे असते तर एकटे लालही तेवढेच दिसायला हवे होते आणि ते फक्त २ पेशींत आहेत. डी५एफ३ इथेही निगेटिव्ह आहे. आरएनए काढले, पण डीव्ही२०० इतके कमी आले की सीक्वेन्सिंगला पाठवण्यात अर्थ नव्हता. ब्लॉकमध्ये आता एक-दोन सेक्शनपुरतीच ऊती उरली आहे. याची नोंद कशी करावी?

आरएनए जपून ठेवा

लाल आणि हिरव्या एकटेपणाची तुलना करण्याची कल्पना उत्तम आहे, ती पद्धतीच्या प्रकरणात जरूर लिहा. उरलेल्या ऊतीला हात लावू नका. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री निगेटिव्ह असल्याने फ्यूजन असण्याची शक्यता बरीच खाली गेली आहे, मात्र तुमचा ब्लॉक जुना आहे आणि जुन्या ऊतीत प्रतिपिंडही कमी चिकटतात. त्याच ब्लॉकवर दुसरे एखादे प्रथिन, जे तिथे नक्की असायला हवे, ते नीट रंगते का हे पाहिले होते का? टीटीएफ-१ या फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात बहुधा आढळणाऱ्या प्रथिनाचे जुने सेक्शन कपाटात असेल तर ते काढा, नवीन कापण्याची गरज नाही.

गुणसूत्रवाला

वरच्या आक्षेपाबाबत आधी कबुली देतो. मी अहवाल लिहिणाऱ्याच्या सवयीने उत्तर दिले होते. प्रबंधात हा ब्लॉक निगेटिव्हच्या रकान्यात टाकू नका आणि पॉझिटिव्हच्याही नाही. तक्त्यात त्याच्यासाठी वेगळी ओळ करा आणि त्यात ‘५ प्राइम सिग्नल एकटा, ५० पैकी २३, ३ प्राइम एकटा, ५० पैकी २, डी५एफ३ निगेटिव्ह, आरएनए तपासण्यायोग्य नाही’ एवढेच लिहा. टक्केवारी काढताना तो छेदात धरला की वगळला, हे तक्त्याखाली एका वाक्यात सांगा. आणखी एक काम राहिले आहे. १५ टक्क्यांची रेघ दुसऱ्यांच्या हातांनी आणि दुसऱ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर आखलेली आहे. टॉन्सिल किंवा निरोगी फुप्फुसाच्या २० ब्लॉकांवर तुम्ही दोघांनी स्वतंत्रपणे मोजणी करा, त्यातील सर्वांत मोठा खोटा आकडा घ्या आणि एक्सेलमधील बीटाइन्व्ह या सांख्यिकी सूत्राने तुमच्या हातांची वरची मर्यादा काढा. २० ब्लॉक गुणिले ५० पेशी म्हणजे प्रत्येकी १००० पेशी होतात. रोज सकाळी दोनच ब्लॉक घेतले तर दहा दिवसांत होईल, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.